पहिल्यांदा रीगाला जाताना: व्हिसा, मुक्काम, बस, जेवण आणि बाकी सगळं

बाल्टिक देशांच्या, म्हणजे एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनियाच्या सहलीत रीगाच्या वाट्याला बहुतेक वेळा एक रात्र येते. एस्टोनियातल्या टॅलिनहून दुपारी बसने पोचायचं, जुन्या गावात एक फेरी मारायची, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिथुएनियातल्या विल्नियसची बस धरायची. असं करू नका. लाटव्हियाच्या या राजधानीची वस्ती सहा लाखांच्या आसपास आहे, आणि तिचा उत्तम भाग जुन्या गावाच्या बाहेर आहे. तिला निदान चार दिवस द्या.

माझी भाची तिथे शिकायला गेली, त्या निमित्ताने माझं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही रीगात राहणं झालं. बरीच भारतीय मुलं तिथे इंजिनिअरिंग आणि मेडिकलला आहेत, त्यांत मराठी मुलंही भेटतात. त्यामुळे आता मुलांना भेटायला निघालेले आई-बाबा आणि नुसतेच फिरायला जाणारे, दोघांचेही फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते आहे.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

रीगा बरीच उत्तरेला आहे, त्यामुळे थंडीइतकाच फरक उजेडाचा पडतो. जूनअखेरीस सकाळी साडेचारला सूर्य उगवतो आणि रात्री सव्वादहा वाजून गेले तरी मावळत नाही. डिसेंबरअखेरीस सकाळी नऊला उजाडतं आणि पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात गेलात तर दिवसाचा कार्यक्रम सहा तासांत बसवावा लागतो, हे मनाशी पक्कं धरा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मे अखेर ते सप्टेंबर मध्य हा काळ सुचवेन. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान साधारण वीस-पंचवीस अंश असतं. तरीही एक पातळ जाकीट आणि छत्री हवीच, पाऊस कधीही येतो. सिगुल्दाच्या जंगलातले पानगळीचे रंग बघायचे असतील तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा उत्तम.

२३ आणि २४ जून मात्र नीट विचार करून निवडा. हा त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण, लीगो आणि याणी. दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी असते आणि अख्खं शहर गावाकडे जातं. बरीच दुकानं, उपाहारगृहं आणि संग्रहालयं बंद असतात. ओळखीचं कोणी गावाकडे बोलावणार असेल तर याच दिवसांत जा: डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, रात्रभर शेकोटी, गाणी आणि शहाजिऱ्याच्या चवीचं ताजं चीज. ओळखीचं कोणी नसेल तर एक-दोन दिवस आधी पोचून जुन्या गावातल्या डोम चौकात भरणारा फुला-पानांचा बाजार बघा आणि सणाच्या दिवसांसाठी खाण्याचं सामान आधीच घेऊन ठेवा.

२. शेंगेन व्हिसा: अर्ज कोणत्या देशाकडे?

लाटव्हिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेन क्षेत्रात आहे. म्हणजे एकाच व्हिसावर एस्टोनिया, लिथुएनिया, फिनलंड सगळं होतं. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ अर्ज कोणाकडे करायचा यावर होतो. नियम असा: ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी प्रवेश, त्याच्याकडे. टॅलिन दोन, रीगा चार, विल्नियस दोन असा कार्यक्रम असेल तर अर्ज लाटव्हियाचा. मग हॉटेलची बुकिंगं, बसची तिकिटं आणि सोबतचं पत्र या सगळ्यांत त्याच रात्री दिसल्या पाहिजेत. एका कागदावर रीगाच्या चार रात्री आणि दुसऱ्यावर तीन असं झालं की विनाकारण शंका येते.

लाटव्हियाचा दूतावास दिल्लीत आहे, पण अर्ज व्हिसा केंद्रामार्फत जातो. तुमच्या पत्त्यासाठी कोणतं केंद्र आहे ते दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून मगच वेळ घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही अर्जांना पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणून निदान दोन महिने हातात ठेवा.

कागद असे लागतात:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरून सही केलेला अर्ज आणि शेंगेनच्या मापाचे फोटो
- प्रवास विमा: निदान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, प्रवासाचा प्रत्येक दिवस धरणारा
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं, व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा
- मुलाकडे जात असाल तर त्याचं निवास परवानापत्र, विद्यापीठाचं पत्र आणि नातं दाखवणारा दाखला
- कुठे, किती दिवस, कोणाबरोबर आणि खर्च कोण करणार हे सांगणारं एक पानी पत्र

मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे एकदा दिले की साधारण पाच वर्षं चालतात, पण आधी दिले असले तरी केंद्रात विचारून घ्या.

बँकेच्या खात्याबद्दल एक आग्रहाचं सांगणं. अर्जाच्या आठवडाभर आधी कोणाकडून तरी दोन-तीन लाख घेऊन खात्यात टाकू नका. अधिकारी शिल्लक बघतात तसाच पैशांचा ओघही बघतात. अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली याचा कागद नसेल तर ती मदत करण्याऐवजी नडते.

३. बॅग भरताना

मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांनी हे आधी वाचा. युरोपीय संघाच्या बाहेरून येताना सोबतच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप, पनीर, श्रीखंड हे सगळं यात येतं. ताजी फळं-भाज्यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. म्हणजे हापूस नाही, लिंबं नाहीत आणि घरच्या झाडाचा कढीपत्ताही नाही. मनाला लागतं, पण कस्टमच्या टेबलावर डबा उघडून टाकून द्यावा लागला तर जास्त लागतं. चकली, कडबोळी, शेंगदाण्याचा लाडू, गूळपोळी, भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, डाळी हे न्या. तुपाऐवजी तेलातलं करा. पिशव्यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून ठेवा.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव असू द्या, आपल्याकडच्या कंपनीचं नाव तिथल्या फार्मसीत कळत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर हिवाळ्यात एका जाड कोटापेक्षा थर महत्त्वाचे: आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. उणे दहा अंश सामान्य आहे, कधी त्याच्याही खाली जातं. बुटाचा तळ घट्ट पकड घेणारा हवा, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर साधे स्पोर्ट्स शूज घसरतात. घरात आणि दुकानांत मात्र हीटिंग असतं, त्यामुळे वरचे थर पटकन काढता आले पाहिजेत.

संग्रहालयात, ऑपेरात, काही उपाहारगृहांतही कोट दाराशी कोटघरात जमा करायची रीत आहे. पासपोर्ट आणि पैसे कोटाच्या खिशात ठेवायची सवय असेल तर ती मुंबईतच सोडा.

प्लग युरोपीय दोन गोल पिनांचा, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट.

४. विमान आणि विमानतळ ते शहर

भारतातून रीगाला थेट विमान नाही. इस्तंबूल, फ्रँकफर्ट, हेलसिंकी, वॉर्सा असे मार्ग आहेत, दुबईहूनही रीगाला विमान जातं. फ्रँकफर्ट, वॉर्सा किंवा हेलसिंकीला उतरलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, रीगाला फक्त सामान घेऊन बाहेर पडायचं. इस्तंबूल किंवा दुबईहून आलात तर इमिग्रेशन रीगाला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्या वेळी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. त्यामुळे मधल्या विमानतळावर दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांनी सामानाचं वजन दोन्हीकडे तपासावं. भारतातून निघताना तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात आणि पुढच्या छोट्या विमानात तिकिटावर फक्त हातातली बॅग लिहिलेली असते. तिथे विमानतळावर भरलेले पैसे तिकिटाइतके होतात.

रीगाचा विमानतळ शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर आहे. बाहेर आल्यावर २२ क्रमांकाची बस पकडा. अर्ध्या तासात जुन्या गावाच्या कडेला आणि स्थानकाजवळ पोचवते. तिकीट बसमध्ये चढण्याआधी घ्या, चालकाकडे मिळेल असं धरून चालू नका. टर्मिनलमधल्या नार्व्हेसेनच्या दुकानात किंवा स्टॉपवरच्या यंत्रावर मिळतं. रात्री उशिरा पोचत असाल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील तर बोल्टच्या ॲपवरून गाडी बोलवा. हे ॲप भारतातच डाउनलोड करून त्यात कार्ड जोडून ठेवा. बाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीत आधी भाडं न ठरवता बसू नका.

५. मुक्काम कुठे

जुनं गाव म्हणजे वेत्स्रीगा. सगळं पायी अंतरावर आहे, पण उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवारी रात्री बारचा आवाज पहाटेपर्यंत चालतो. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, चाकांची मोठी बॅग त्यावरून ओढणं कष्टाचं काम.

माझी पसंती ‘शांत केंद्र’ नावाच्या भागाला: एलिझाबेतेस आणि अल्बेर्ता या रस्त्यांच्या आसपास. जुन्या गावात पायी पंधरा-वीस मिनिटांत पोचता, मध्ये बाग आणि कालवा लागतो, आणि रात्री झोप होते. घर भाड्याने घेत असाल तर दोन गोष्टी आधी विचारा: लिफ्ट आहे का आणि किल्ली कशी मिळणार. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतींत चौथा मजला म्हणजे आपल्याकडचे सहा जिने.

मध्यवर्ती बाजाराच्या मागच्या बाजूची वस्ती भाड्याला स्वस्त दिसते. दिवसा तिथे काही अडचण नाही, पण रात्री उशिरा एकट्याने चालत परतायचं असेल तर मी ती निवडणार नाही.

६. बस, ट्राम, ट्रॉलीबस

तिन्हींना एकच तिकीट चालतं. मी वापरलं ते दीड युरोचं, ९० मिनिटांचं. तेवढ्या वेळात कितीही गाड्या बदला. एक, तीन, पाच दिवसांचे पासही मिळतात. दिवसात चारेक वेळा बसणार असाल तर पास परवडतो.

चढल्याबरोबर तिकिटाचं कार्ड यंत्राला टेकवायचं, प्रत्येक वेळी आणि प्रत्येक गाडीत. पास असला तरीही. तपासनीस साध्या कपड्यांत येतात, आणि खिशात पास असून टेकवला नाही म्हणून दंड भरणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

लक्षात ठेवण्याजोगे दोन मार्ग: ११ क्रमांकाची ट्राम मेझापार्क्स या पाइनच्या जंगलातल्या वस्तीला जाते, आणि १ क्रमांकाची बस खुल्या लोकजीवन संग्रहालयाला.

७. जेवण, विशेषतः शाकाहारी असाल तर

रीगात उपाशी राहावं लागत नाही. भारतीय उपाहारगृहं आहेत, सुपरमार्केटमध्ये तांदूळ, मसूर, चणे, टोफू सगळं मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. पण दोन ठिकाणी फसगत होते.

पहिलं ठिकाण बेकरी. चंद्रकोरीच्या आकाराचे, वरून चकचकीत तपकिरी, हाताच्या मुठीत मावतील असे गरम पाव दिसतात. त्यांना पीराग म्हणतात आणि आत बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि कांदा असतो. दुसरं ठिकाण करड्या वाटाण्यांची उसळ. दिसायला थेट आपल्या काळ्या वाटाण्यासारखी, पण पारंपरिक पद्धतीत तीही त्याच मांसाच्या तुकड्यांबरोबर परततात. ‘बेज गाल्यास’ म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द पाठ करा आणि प्रत्येक वेळी विचारा, कारण सूपचा रस्सा हाडांचा असू शकतो आणि नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की मासे चालतात असा समज होतो.

निर्धास्त खाण्यासारखं भरपूर आहे. बटाट्याची धिरडी आंबट सायीबरोबर. काळा राईचा पाव, किंचित आंबट-गोड, जड, आठवडाभर टिकणारा. भांगेच्या बियांचं लोणी, हिरवट-करडं आणि खमंग, आणि हो, त्याने नशा येत नाही. उन्हाळ्यात बीटचं गुलाबी थंड सूप, ताकासारख्या केफिरमधलं. त्यात अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. सेल्फ सर्व्हिसची लिडो उपाहारगृहं पहिल्या दिवसासाठी सोयीची, पदार्थ समोर दिसतात आणि बोट दाखवून घेता येतात.

मध्यवर्ती बाजाराला मात्र एक अख्खी सकाळ द्या. पाच प्रचंड कमानदार दालनं आहेत. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिन हवाई जहाजांच्या कोठारांचे सांगाडे आणून ती उभारली, १९३० साली बाजार सुरू झाला, आणि जुन्या गावासह हा भाग १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दुधाच्या दालनात पांढऱ्या ॲप्रनमधल्या बायका काउंटरवर ताज्या छन्यासारख्या पदार्थाचे ढीग मांडून बसतात. त्याला बिएझ्पिएन्स म्हणतात. कोणता कोरडा, कोणता सायीचा हे कळत नसेल तर नुसतं बघत उभे राहा, त्या स्वतःच चमच्याच्या टोकावर चाखायला देतात. भाजीच्या दालनात काचेच्या बरण्यांत अख्ख्या लसणीचे गड्डे, काकड्या, कोबी, टोमॅटो खारवलेले असतात, एप्रिलमध्ये बर्चच्या झाडाचा रसही मिळतो. सुटे युरो जवळ ठेवा, आणि दुपारी तीननंतर जाऊ नका, गाळे आवरायला लागतात. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

८. शहर कसं बघायचं

*जुनं गाव.* सकाळी आठच्या आत निघा, क्रूझचे गट यायच्या आधी. सेंट पीटरच्या चर्चचा मनोरा १२३ मीटर उंच, लिफ्टने ७२ मीटरवरच्या सज्जापर्यंत जाता येतं. तिथून दाउगावा नदी, पूल आणि बाजाराची पाच छपरं एका नजरेत येतात. जवळच ब्लॅकहेड्स नावाच्या व्यापारी संघाची लाल इमारत आहे. मूळ वास्तू १९४१ मध्ये युद्धात जळाली, १९४८ मध्ये अवशेषही पाडले, आणि शहराच्या आठशेव्या वर्षाच्या तयारीत ती १९९९ पर्यंत पुन्हा बांधली. डोम कॅथीड्रलमधला ऑर्गन १८८४ चा, साडेसहा हजारांहून जास्त नळ्यांचा. उन्हाळ्यात दुपारी वीस मिनिटांच्या छोट्या मैफली होतात, त्या चुकवू नका.

*आर्ट नूवो.* रीगा मला जीव लावून गेली ती या रस्त्यांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर झपाट्याने वाढलं आणि मध्यभागातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती आर्ट नूवो या वेलबुट्ट्या-मुखवट्यांनी नटलेल्या शैलीत उभ्या राहिल्या. अल्बेर्ता रस्त्यावर सिव्हिल इंजिनिअर मिखाइल आयझेनश्टाइन यांची घरं आहेत. चित्रपट दिग्दर्शक सेर्गेई आयझेनश्टाइन हा त्यांचा मुलगा. २ अ क्रमांकाच्या घरासमोर उभे राहा आणि सगळ्यात वरच्या खिडक्यांकडे बघा. त्यांच्या मागे खोल्याच नाहीत, आरपार आकाश दिसतं. दर्शनी भिंत उंच दिसावी म्हणून ती नुसतीच वर नेली आहे. मग कोपऱ्यावरच्या एलिझाबेतेस १० ब कडे वळा: निळ्या विटांवर प्रचंड मुखवटे, मोर, ओरडणारे चेहरे. अल्बेर्ता १२ मध्ये त्या काळचं घर जसंच्या तसं मांडलेलं छोटं संग्रहालय आहे. तिकीट काढलं नाही तरी जिन्याच्या चक्राकार छतासाठी आत जरूर डोकवा. हे रस्ते सकाळी बघा आणि समोरच्या फुटपाथवरून बघा, खाली उभं राहून काही दिसत नाही.

*राष्ट्रीय ग्रंथालय.* नदीपलीकडची काचेच्या डोंगरासारखी इमारत. २०१४ च्या जानेवारीत हजारो लोकांनी थंडीत रांग धरून जुन्या इमारतीतली पुस्तकं हातोहात इथे पोचवली. आत कृश्यानिस बारोन्स यांचं लोकगीतांचं कपाट आहे. छोट्या छोट्या खणांत कागदाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर चार ओळींचं गाणं. त्यांनी छापलेली गीतं दोन लाखांहून जास्त आहेत. दळण, लेकीची पाठवणी, आईची आठवण, पहाट. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कोणालाही ते कपाट पाहून गलबलून येईल. पासपोर्ट दाखवून पाहुण्याचा पास मिळतो.

*अवघड इतिहास.* १९४० मध्ये सोव्हिएत ताबा, १९४१ मध्ये नाझी, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत, थेट १९९१ पर्यंत. जुन्या गावातलं ऑक्युपेशन म्युझियम आणि ब्रीवीबास रस्त्यावरचं ‘कोपऱ्यावरचं घर’, म्हणजे केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलिसांची जुनी कचेरी, या दोन्ही जागा बघितल्याशिवाय इथल्या लोकांचं मन कळत नाही. लहान मुलांना कोपऱ्यावरच्या घरात नेऊ नका. १९३५ चं स्वातंत्र्यस्मारक याच रस्त्याच्या टोकाला आहे. पायथ्याशी फुलं ठेवलेली असतात, तिथे पायऱ्यांवर बसून खाऊ नका.

बोलण्यात एक भान ठेवा. रीगात रशियन बोलणारे पुष्कळ आहेत, तरी लाटव्हियाला ‘रशियातलं’ म्हणणं लोकांना खोल लागतं. सुरुवात इंग्रजीत करा. ‘लाबदिएन’ म्हणजे नमस्कार आणि ‘पाल्दिएस’ म्हणजे धन्यवाद एवढं आलं तरी चेहरे खुलतात.

बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारी शहराबाहेर जा.

९. शहराबाहेर: यूर्माला आणि सिगुल्दा

यूर्मालाला लोकल ट्रेनने अर्धा तास लागतो. ‘यूर्माला’ नावाचं स्थानक शोधत बसू नका, ते नाही. मायोरीला उतरा. स्लोका, तुकुम्स किंवा दुबुल्तीकडे जाणारी गाडी तिथे थांबते. स्थानकासमोरच्या योमास या पादचारी रस्त्यावर लाकडी जुने बंगले आहेत, आणि पाच-सात मिनिटांत पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा. समुद्र इतका उथळ की बराच वेळ चाललात तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही, लहान मुलांना फार आवडतं. पाणी जुलैतही थंड असतं.

सिगुल्दाला ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास. गाउया नदीच्या दरीवरून जाणारी केबल कार, पलीकडे तुराइदाचा लाल विटांचा किल्ला. स्थानकाजवळून तुराइदाची बस घ्या, किल्ला आधी बघा आणि मग उताराने चालत दरीत या. उलट केलंत तर चढ दमवतो.

जंगलात किंवा उंच गवतात जाणार असाल तर लांब पँट मोज्यांत खोचा आणि परतल्यावर अंग नीट तपासा. एप्रिल ते ऑक्टोबर इथे गोचीड असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. जास्त दिवस जंगलात हिंडणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना लशीबद्दल विचारा.

रीगाच्या मुख्य स्थानकात रेल बाल्टिका या नव्या रेल्वेमार्गाचं बांधकाम चालू आहे, वाटा आणि दारं बदलत असतात. गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा.

१०. पैसे, फोन, सावधगिरी

२०१४ पासून चलन युरो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. कार्ड यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. फोनचं प्रीपेड सिम नार्व्हेसेनमध्ये मिळतं. पोलीस, रुग्णवाहिका, आग, तिन्हींसाठी ११२.

शहर सुरक्षित आहे, मी एकटी रात्री ट्रामने आले आहे. तरीही एकट्या पुरुषांनी लक्षात ठेवावं: जुन्या गावात रस्त्यावर ओळख काढून कोणी अमुकच बारमध्ये चला म्हणालं तर जाऊ नका. आत पेयाला शेकडो युरोंचं बिल लावण्याचा हा जुना प्रकार आहे.

हिवाळ्यात वर बघत चाला. छपरांच्या कडांना हातभर लांब बर्फाचे सुळके लटकतात आणि ऊन पडलं की तुटून खाली येतात. फुटपाथवर लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली की ती ओलांडू नका, वळसा घ्या.

कोणाच्या घरी बोलावलं तर फुलं न्या, पण विषम संख्येत. सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. बूट दारात काढा, ते आपल्यासारखंच.

११. पुढे टॅलिन किंवा विल्नियस

दोन्हीकडे बसने साधारण चार ते साडेचार तास. बस स्थानक बाजाराच्या शेजारीच आहे. विल्नियसला २०२३ च्या डिसेंबरपासून रोजची ट्रेनही आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं, शुक्रवार आणि रविवारच्या बस भरतात. देश बदलताना सीमेवर इमिग्रेशन नसतं, पण पोलीस मध्येच बस थांबवून पासपोर्ट बघतात, म्हणून तो पोटातल्या सामानात टाकू नका. आणि व्हिसा लाटव्हियाचा घेतला असेल तर रीगाच्या रात्री नंतर कमी करू नका. हॉटेलच्या पावत्या घरी परतेपर्यंत जपून ठेवा.